अंतराळात मांडलेला संसार: अंतराळवस्तीच्या विज्ञानकथांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या कपाटातली पुस्तकं मित्रमैत्रिणींत फिरत असतात आणि परत येताना प्रश्न घेऊन येतात. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले, की एकदा नीट बसून उत्तरं लिहून काढली. मी शास्त्रज्ञ नाही. पंचवीसेक वर्षं या कथा वाचत आलेली वाचक आहे.

अंतराळात राहण्याच्या कथा म्हणजे नेमक्या कोणत्या?

ज्यात माणसं अंतराळात नुसती जाऊन येत नाहीत, तिथे राहतात, त्या. मग ते स्थानक असो, चंद्रावरची वस्ती असो, मंगळावरचं एकटं घर असो किंवा पिढ्यान्‌पिढ्या चालणारं जहाज असो. माझी कसोटी साधी आहे. कथेत कुणी सकाळी उठून तोंड धुतं का, आणि ते पाणी कुठून आलं, कुठे गेलं हे लेखकाला माहीत आहे का? माहीत असेल तर ती माझी कथा. अंतराळातल्या लढायांच्या कथाही मी वाचते, पण तिथलं जहाज म्हणजे योद्ध्याचा घोडा असतो. या कथांमध्ये जहाज म्हणजे घर.

एवढं काय आवडतं तुम्हाला त्यात?

हिशेब. आणि त्या हिशेबात अडकलेली माणसं.

माझं लहानपण आणि नंतरचीही बरीच वर्षं लातूरला गेली. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ती गाडी सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली. त्या दिवसांत आमच्या घरी आईनं पाण्याची उतरंड लावली होती. भाजी धुतलेलं पाणी भांडी विसळायला, भांड्यांचं पाणी फरशी पुसायला, फरशीचं संडासात. मोरीतल्या निळ्या बादलीला आतून साबणाची करडी रेघ धरली होती. पाणी त्या रेघेखाली गेलं की आई म्हणायची, "आता कुणी उगाच हात धुवायला उठू नका." त्याच आठवड्यात मी रात्री एका अंतराळवस्तीची कथा वाचत होते. तिच्यातली बाई रोज टाकीवरचा काटा बघून मगच अंघोळीचं ठरवायची. कोट्यवधी किलोमीटर दूर राहणारी ती बाई मला शेजारच्या दारातली वाटली. तेव्हापासून या कथांशी माझं नातं बदललं. त्याआधी मला त्यांतलं आश्चर्य आवडायचं, आता त्यांतलं घर आवडतं.

आणि हे काही नुसतं कल्पनेतलं नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात २ नोव्हेंबर २००० पासून माणसांचा मुक्काम आहे, एक दिवसही खंड नाही. तिथे घाम, श्वासातली वाफ आणि लघवी हे सगळं गोळा करून पुन्हा पिण्याचं पाणी केलं जातं. २०२३ मध्ये हे प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत पोचलं. यातल्या काही पाण्यातून वीज सोडून त्याचा ऑक्सिजन आणि हायड्रोजन वेगळा करतात. ऑक्सिजन श्वासाला. उरलेल्या हायड्रोजनची, माणसांनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडशी गाठ घालून पुन्हा पाणी मिळवता येतं. म्हणजे एकाचा उच्छ्वास दुसऱ्याच्या पेल्यात. आईच्या उतरंडीत शेवटी संडास होता. इथे शेवटची पायरीच नाही, उतरंड गोल फिरून पहिल्या भांड्याशी येते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते.

अंतराळात घर करायची कल्पना आली तरी कुणाला?

कथेत ती फार जुनी आहे. १८६९ मध्ये एडवर्ड एव्हरेट हेल या अमेरिकन लेखकाची 'द ब्रिक मून' ही कथा मासिकातून क्रमशः यायला लागली. समुद्रावरच्या जहाजांना रेखांश कळावा म्हणून काही मंडळी विटांचा एक पोकळ चंद्र बांधतात. विटांचा का, तर हवेच्या घर्षणानं येणारी आग विटेला सोसते म्हणून. आणि तो चंद्र कामगार आणि त्यांची बायकामुलं आत असतानाच चुकून उडतो! वर गेलेली माणसं मरत नाहीत. ती शेती करतात, आणि खालच्यांना निरोप द्यायला लांब नि आखूड उड्या मारतात, तारायंत्राच्या कट्ट-कडकट्टसारख्या. माणूस वर राहतोय ही कल्पना कागदावर उतरली ती अशी, विटा-मातीची आणि घरादारासकट. मला हे फार योग्य वाटतं.

पुढे रशियात त्सिओल्कोव्हस्कीनं रॉकेटचं गणित १९०३ मध्ये मांडलं. अंतराळातल्या बागांचा, फिरत्या घरांचा विचारही त्यानं केला होता. तो शाळामास्तर होता आणि त्याला लहानपणापासून नीट ऐकू येत नसे. १९२० च्या दशकाच्या अखेरीला पोटोचनिक या अभियंत्यानं चाकाच्या आकाराच्या स्थानकाचं सविस्तर रेखाटन केलं. चित्रपटांत आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर जे गोल चाक दिसतं, त्याचे पूर्वज हे.

मोठी उडी १९७४ मधली. प्रिन्स्टनचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेरार्ड ओ'नील यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारलं होतं, की वाढत्या तांत्रिक संस्कृतीसाठी ग्रहाचा पृष्ठभाग हीच योग्य जागा आहे का? आकडेमोडीतून आलेलं उत्तर 'नाही' होतं, आणि त्यावरचा त्यांचा लेख त्या वर्षी प्रसिद्ध झाला. १९७५ मध्ये नासाच्या कॅलिफोर्नियातल्या एम्स केंद्रात उन्हाळी अभ्यासगट बसला आणि त्यानं १०,००० माणसांच्या, बांगडीसारख्या फिरत्या कड्याचा आराखडा केला. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, मिनिटाला एक फेरी. त्यासाठी काढलेली चित्रं जरूर बघा. आत ओढे आहेत, झाडं आहेत, गच्च्या आहेत, आणि जमीन दोन्ही बाजूंना हळूहळू वर चढत जाते. पुढच्या कितीतरी लेखकांनी त्याच जमिनीवर आपली पात्रं वसवली.

फिरत्या वसाहतीत खरंच वजन येतं का?

येतं. बादलीत पाणी घेऊन हात गरागरा फिरवला तर पाणी सांडत नाही, तेच. फिरणाऱ्या कड्याची आतली भिंत तुमच्या पायांना सतत आत ढकलत असते आणि तुम्हाला ती जमीन वाटते. पृथ्वीइतकं वजन हवं असेल तर मिनिटाला एक फेरी घेणाऱ्या कड्याची त्रिज्या सुमारे ८९४ मीटर लागते. दोन फेऱ्या चालणार असतील तर २२४ मीटर पुरते. चार फेऱ्या घ्या, ५६ मीटर. मग छोटं आणि वेगवान कडं का बांधू नये? कारण फेऱ्या वाढल्या की डोकं फिरतं, मळमळतं. माणसाच्या कानातला तोल सांभाळणारा भाग हे फिरणं ओळखतो.

इथे एक गंमत आहे, आणि चांगला लेखक ती हमखास वापरतो. दोन फेऱ्यांच्या त्या २२४ मीटरच्या कड्यात उभं राहून दीड मीटर उंचीवरून चेंडू सोडा. तो सरळ पायाशी पडणार नाही. सुमारे १२ सेंटीमीटर बाजूला पडेल, फिरण्याच्या उलट दिशेला. मी हे गणित मांडून पाहिलंय आणि मग स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून हाताच्या वितीनं ते अंतर मोजलंय. १२ सेंटीमीटर म्हणजे माझी वीत भरायला चार बोटं कमी. उंचावरून चहाची धार धरणाऱ्या टपरीवाल्यानं तिथे दुकान टाकलं तर त्याला कप किती सरकवून धरावा लागेल, हे मला दिसायला लागलं. तिथे जन्मलेल्या मुलाला मात्र हे वाकडं वाटणारच नाही. ते मूल पृथ्वीवर आलं तर चेंडू सरळ खाली पडलेला बघून दचकेल. एका आकड्यातून असं अख्खं बालपण उभं राहतं, म्हणून मी या कथांमधली गणितं गाळून पुढे जात नाही.

आर्थर क्लार्क यांच्या १९७३ च्या 'राँदेव्हू विथ रामा'मध्ये ५० किलोमीटर लांबीचं फिरतं नळकांडं आहे. त्याच्या आत समुद्रही आहे, आणि तो गोल वळून डोक्यावर जातो. फिरत्या जगात चालताना काय वाटेल हे अनुभवायचं असेल तर यासारखं पुस्तक नाही.

स्थानकातले लोक तरंगतात, कारण तिथे गुरुत्वाकर्षण नसतं ना?

असतं. ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के आहे. स्थानक आणि आतली माणसं मिळून पृथ्वीभोवती सतत पडत असतात, ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगानं, म्हणून तरंगल्यासारखं होतं. या पडण्याची किंमत हाडं मोजतात. व्यायाम केला नाही तर महिन्याला एक टक्क्याच्या आसपास हाड झिजतं, म्हणून रोज दोन तास व्यायाम.

अंतराळपोशाख न घालता माणूस यानाबाहेर पडला तर फुटतो का?

नाही. साधारण १० ते १५ सेकंदांत शुद्ध हरपते आणि मिनिटा-दोन मिनिटांत परत हवा मिळाली नाही तर मृत्यू. १९६० च्या दशकात ह्यूस्टनला हवा काढून घेतलेल्या खोलीत पोशाखाची चाचणी चालू असताना एका तंत्रज्ञाची हवेची नळी सुटली. तो वाचला. शुद्ध जाण्याआधीची त्याला राहिलेली शेवटची आठवण म्हणजे जिभेवरची लाळ उकळत असल्याची जाणीव. कुठल्याही लेखकाला याहून भेदक तपशील सुचला नसता.

कथेत शास्त्रीय चूक सापडली की मजा जात नाही का?

चूक कसली आहे त्यावर. अँडी वीअर यांच्या 'द मार्शियन'ची सुरुवात मंगळावरच्या भयंकर वादळानं होते. मंगळावरचा हवेचा दाब पृथ्वीवरच्या एक टक्क्याहूनही कमी, तिथलं वादळ यानाला कलंडवू शकत नाही. लेखकानं हे स्वतः मान्य केलंय. पण नायक एकटा मागे राहायला काहीतरी निमित्त हवं होतं, आणि त्यानंतर प्रत्येक बटाट्याचा, प्रत्येक लिटर पाण्याचा हिशेब चोख आहे. मी ते वादळ आनंदानं सोडून दिलं. मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार असल्याचं २००८ मध्ये फीनिक्स यानानं दाखवून दिलं. तेही पुस्तकात नाही. ते क्षार पाण्यात विरघळतात, म्हणजे माती धुऊन घेता येईल. तांदूळ दोनदा धुतो तसे माती धुण्याचे दोन परिच्छेद त्या पुस्तकात असते तर मला ते आणखी आवडलं असतं.

मला खटकते ती दुसरी चूक, आळसाची. हजार माणसांच्या वस्तीत कचरा कुठे जातो हे लेखकाच्या मनातही आलेलं नसतं. तिथे मी पुस्तक ठेवून देते.

सगळं बंद करून आतल्या आत जगता येतं, हे कुणी करून पाहिलंय का?

पाहिलंय, पृथ्वीवरच. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात 'बायोस्फिअर २' नावाचं तीन एकरांहून थोडं मोठं काचेचं घर आहे. सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसं आत गेली आणि दार बंद झालं. आत छोटं रानही होतं, प्रवाळाचा समुद्रही, आणि शेती. दोन वर्षं आतलंच पिकवून खायचं होतं.

काही महिन्यांत ऑक्सिजन उतरायला लागला. हवेतला सुमारे २१ टक्के ऑक्सिजन सोळा महिन्यांत साडेचौदा टक्क्यांवर आला. म्हणजे उंच डोंगरावर राहिल्यासारखं. माणसं दमू लागली, जिना चढताना थांबू लागली. चोर सापडेना. झाडं ऑक्सिजन देत होती, मग जातो कुठे? गुन्हेगार पायाखाली होता. शेतीसाठी घातलेली माती सेंद्रिय खतानं इतकी श्रीमंत होती, की तिच्यातले सूक्ष्मजीव भराभर ऑक्सिजन खात होते. पण मग त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड तितकाच वाढायला हवा होता, आणि तोही हिशेबात बसत नव्हता. तो भिंतींच्या काँक्रीटमध्ये शोषला जात होता. शेवटी जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन भरावा लागला. दरम्यान परागीकरण करणारे कीटक मेले, मुंग्या आणि झुरळं मात्र वाढली. सगळ्यांची वजनं घटली. आणि आठ माणसांचे चार-चारांचे दोन गट पडले, ते एकमेकांशी धड बोलेनात.

या प्रयोगाला फसलेला म्हणतात. मला तसं वाटत नाही. अंतराळवस्तीबद्दल जे जे कागदावर सुटून जातं ते ते इथे दिसलं: माती श्वास घेते, भिंत श्वास गिळते, आणि भुकेली माणसं भांडतात. अंतराळवस्तीची नवी कथा हातात घेतली की लेखकाला हा प्रयोग माहीत होता का, ते मला पहिल्या पन्नास पानांत समजतं.

तिथे खातात काय?

स्थानकावर ब्रेड नको असतो, कारण कण तरंगतात आणि यंत्रांत, डोळ्यांत जातात. १९८५ मध्ये मेक्सिकोच्या रोडोल्फो नेरी वेला यांनी अंतराळयानात तोर्तिया नेली आणि तेव्हापासून ती अंतराळातलं नेहमीचं अन्न झाली. तोर्तिया म्हणजे आपल्या पोळीची जवळची नातलग. पोळी तिथे सुखानं नांदेल, ज्वारीच्या भाकरीचं मात्र कठीण आहे. मीठ आणि मिरपूड पातळ करून वापरतात. शरीरातलं पाणी डोक्याकडे चढल्यानं नाक चोंदल्यासारखं राहतं, चव मंदावते, आणि बऱ्याच जणांना झणझणीत खावंसं वाटतं.

२०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर राहून आले. त्यांनी सोबत गाजराचा हलवा, मुगाचा हलवा आणि आमरस नेला होता. धारवाडच्या शास्त्रज्ञांनी आखलेल्या प्रयोगात त्यांनी तिथे मेथी आणि मूग रुजवले. ती बातमी वाचली त्या दिवशी माझ्या ओट्यावर फडक्यात मूग बांधलेले होते. मी गाठ सोडून मोड बघत राहिले.

पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या जहाजांच्या कथा तुम्हाला पटतात का?

वाचायला आवडतात, पटत नाहीत. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. सूर्यमालेबाहेर निघालेल्या व्हॉयेजर १ या यानाच्या वेगानं निघालो तर सुमारे ७५ हजार वर्षं. दहापट, शंभरपट वेग धरला तरी निघणारे पोचत नाहीत. वाटेत जन्मलेल्या मुलांना कुणी विचारलेलं नसतं. आजोबांनी घेतलेल्या निर्णयात नातवंडांनी जगायचं आणि मरायचं, हा प्रश्न मला छळतो. याच कथांमधली उत्तम पुस्तकं या प्रश्नाला थेट भिडतात, म्हणून न पटूनही मी ती सोडत नाही.

मराठीत अशा कथा आहेत का?

मराठी विज्ञानकथा समृद्ध आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या अनोळखी नावानं 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली ठरली. आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर मिळतात. नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी असं केलं होतं. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्यामुळे माझ्या पिढीला ही वाट घरच्या भाषेत मिळाली.

पण मी वाचलेल्या मराठी कथांचा कल बहुधा पृथ्वीकडे आहे. शोध लागतो किंवा पाहुणा येतो, आणि आपल्या समाजाचं काय होतं ते लेखक बघतो. तिकडे बिऱ्हाड करून राहिलेली माणसं मला कमीच भेटली. याची मला मनापासून खंत आहे, कारण आपल्या भाषेत त्या घरासाठी शब्द तयार आहेत. एअरलॉक म्हणजे काय? दोन दारांमधली खोली. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. वाड्याची देवडी आठवा, बाहेरचा दरवाजा आणि आतला चौक यांच्या मधली. मी तर इंग्रजीत वाचतानाही आता मनात देवडीच म्हणते.

विज्ञान शाखेची नाही, समजेल का?

समजेल. घर चालवलं असेल तर निम्मं आधीच माहीत आहे. वजनविरहित जागेत गरम हवा वर जात नाही, त्यामुळे झोपलेल्याच्या तोंडाभोवती त्याच्याच उच्छ्वासाचा बुडबुडा साचतो, म्हणून झोपायच्या जागी हवा खेळती ठेवावी लागते. हे कळायला भौतिकशास्त्राची पदवी लागते का? आकडा अडला तर पुढे जा, पात्रं तुम्हाला समजावतील.

कुठून सुरुवात करू?

'द मार्शियन'पासून. मग 'रामा'. लहान मुलांना आधी स्थानकावरच्या अंतराळवीरांचे दात घासण्याचे, ओलं फडकं पिळण्याचे व्हिडिओ दाखवा. पिळलेलं पाणी हाताला हातमोज्यासारखं चिकटून राहतं, ते बघून मुलं स्वतःच प्रश्न विचारायला लागतात, आणि मग गोष्ट वाचून दाखवायची.

तुम्हाला तिथे राहायला आवडेल?

महिनाभर, हो. कायमचं नाही. मला पाऊस लागतो. पहिल्या पावसात लातूरच्या काळ्या मातीला जो वास सुटतो, तो मला कुठल्याही कड्यात मिळणार नाही.

पुस्तकाबाहेर आज काही बघता येईल का?

येईल, दुर्बीण नको. स्थानक आपल्या डोक्यावरून जाण्याच्या वेळा इंटरनेटवर सहज मिळतात. सूर्यास्तानंतरच्या किंवा पहाटेच्या तास-दोन तासांतली वेळ निवडा आणि गच्चीवर जा. पश्चिमेकडून एक तेजस्वी ठिपका निघतो. विमानासारखा लुकलुकत नाही, आवाज नाही, चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडतो. कधी कधी भर आकाशातच मंद होत विझतो. ढग आलेला नसतो, स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं. आतल्यांचा तो त्या दिवसातल्या सोळांपैकी एक सूर्यास्त. पाऊण तासाच्या आत त्यांना पुन्हा उजाडतं.